एका लाइफने गेली! (लाल डेक, सहा राउंड आणि शेंगदाण्याची चटणी)

डोंगर१८ | १२ मे, २२:१४

काल दिवसभर पत्ते कुटून आलोय. पिसून पिसून उजवा अंगठा अजून ठणकतोय आणि शेवटचा डाव डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे ओकून टाकतो. मॅजिक : द गॅदरिंग खेळणारे इथे चार-पाचच टाळकी आहेत हे माहीत आहे. बाकीच्यांनी लाडीस-मेंढीकोटाच्या भांडवलावर वाचावं, अडलं तिथे विचारावं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. समोरासमोर दोघं. प्रत्येकाने आपापला कॅट, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा, किमान ६० पत्त्यांचा. एकच पत्ता चारपेक्षा जास्त वेळा घालता येत नाही, मूळ जमिनी सोडून (डोंगर, बेटं वगैरे; त्या आडव्या केल्या की बाकीचे पत्ते टाकायला बळ मिळतं). दोघांना २० लाइफ, शून्यावर आला तो गेला. यातला पॉपर नावाचा प्रकार मी खेळतो. पॉपरमध्ये फक्त कधी ना कधी ‘कॉमन’ म्हणून छापलेले पत्ते चालतात. म्हणजे पाकीट फोडल्यावर पोरं टेबलावर टाकून जातात ते. गरिबांचा खेळ. माझा अख्खा डेक धावायच्या बुटांच्या एका बऱ्यापैकी जोडीच्या किमतीत बसतो.

डेक लाल, नुसता लाल. बर्न म्हणतात त्याला. १८ डोंगर, म्हणून इथलं नाव. बाकी जवळजवळ सगळं समोरच्याच्या डोक्यात घालायला. लाइटनिंग बोल्ट चार, चेन लाइटनिंग चार, लाव्हा स्पाइक चार, रिफ्ट बोल्ट चार. यातला प्रत्येक पत्ता तीन लाइफ काढतो. वीस भागिले तीन, म्हणजे सात पत्त्यांत माणूस आडवा. मी याला बदाम सात म्हणतो. चौथ्या पाळीपर्यंत साधारण दहा पत्ते बघून होतात. साठात अठरा डोंगर असले की दहात सरासरी तीन येतात, राहिले सात. या हिशेबाच्या प्रेमात मी आठ वर्षांपूर्वी पडलो तो पडलोच.

मधल्या काळात मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर नावाची एक बाई २०२२ साली कॉमन झाली. मी लगेच चार घेतल्या. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पॉपरमध्ये तिच्यावर बंदी आली. त्या चौघी आता एका डबीत आहेत. जुना थर्मो-अल्केमिस्ट मी परत आत घेतला. आजच्या रडगाण्याचा नायक तोच, त्याच्याकडे येतो.

स्पर्धा आमच्या इथून, म्हणजे म्युनिकहून, रेल्वेने दीड तासावरच्या गावात. दुकानाच्या मागच्या हॉलमध्ये लांब टेबलं, ४१ खेळाडू, स्विस पद्धतीचे सहा राउंड आणि मग पहिले आठ बाद फेरीला. स्विस म्हणजे हरलं की घरी जायचं नाही, तुमच्याइतकेच गुण असलेल्याशी पुढची गाठ. राउंड ५० मिनिटांचा, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. जिंकलं की ३ गुण.

पहिला राउंड अफिनिटी नावाच्या डेकशी, २–१ जिंकलो, सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्यात बोगल्स. एक चिमुकला प्राणी, ज्याला मी बोटही लावू शकत नाही, आणि समोरचा त्याला शालीवर शाली पांघरतोय. त्यातली आर्माडिलो क्लोक म्हणजे आपलं मरण. तो प्राणी जितकं मारेल तितकं त्याच्या मालकाचं लाइफ वाढतं. मी तीन काढतो, तो सात भरतो. वीस मिनिटांत बाहेर. चहा प्यायलो.

तिसरा मात्र लिहिलाच पाहिजे. समोर निळा डेक, टोलेरियन टेरर नावाचे पाच-पाचचे राक्षस, आणि हातात काउंटरस्पेल, म्हणजे समोरच्याचा पत्ता हाणून पाडणारा पत्ता, असणारच. एकेक डाव झालेला. तिसऱ्या डावात तो ७ लाइफवर, दोन बेटं मोकळी, म्हणजे एक काउंटरस्पेल. माझ्याकडे चार डोंगर आणि हातात तीन पत्ते : बोल्ट, फायरब्लास्ट, लाव्हा स्पाइक. पुढच्या पाळीला त्याचे दोन राक्षस मला खाणार.

त्याची पाळी संपता संपता मी बोल्ट टाकला. तो थांबला. माझे डोंगर मोजले, माझ्या हातातले पत्ते मोजले, मग दोन्ही बेटं आडवी करून काउंटर केला. आता त्याच्याकडे काही नाही. मी दोन डोंगर उचलून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, ठेवले. फायरब्लास्ट असाच टाकतात, जमिनी आडव्या करायच्या नाहीत, दोन डोंगर जाळायचे. चार गेले, राहिले तीन. माझी पाळी आली, उरलेल्या दोनातला एक डोंगर आडवा, लाव्हा स्पाइक. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, बोल्ट सोडून द्यायला हवा होता. मी ‘हो’ म्हटलं. बोल्ट सोडून फायरब्लास्ट अडवला असता तर तो एका लाइफवर वाचला असता!

मग जेवण. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. बायकोने बजावलं होतं, काट्याने खा. नाही खाल्लं. चौथ्या राउंडच्या सुरुवातीला जज आले आणि नेमका माझा डेक तपासायला घेऊन गेले. पाचेक मिनिटांनी परत आले, तीन स्लीव्हज (पत्त्यांवरची प्लास्टिकची पाकिटं) वेगळ्या काढून दाखवल्या. कोपऱ्यांवर तेलाचे डाग. पाठीमागून पत्ता ओळखू येईल अशी खूण असणं हा नियमभंग. नशीब, तीन डाग तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर होते. एकाच प्रकारच्या पत्त्यांवर असते तर डावच गेला असता. ताकीद मिळाली, स्लीव्हज बदलल्या. जज बाईंनी बोटाचा वास घेऊन विचारलं, लसूण का?

चौथा, पाचवा जिंकलो. पाचव्यात समोरच्याला जमिनीच आल्या नाहीत, त्यात काय फुशारकी मारायची.

सहावा. मी ४–१. जिंकलो तर आठात. समोर एल्व्हज, हिरवे बुटके, पाळीगणिक दुप्पट होणारे. तिसरा डाव. त्याच्या सात बुटक्यांत एक वेलविशर आहे, नुकताच उतरलेला. त्याच्या पुढच्या पाळीला तो आडवा झाला की जितके एल्फ तितकं लाइफ. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. तो ९ वर.

माझ्याकडे तीन डोंगर, हातात बोल्ट आणि लाव्हा स्पाइक, टेबलावर थर्मो-अल्केमिस्ट. हा अल्केमिस्ट आडवा केला की समोरच्याचं एक लाइफ जातं. आणि मी असा मंत्र टाकला की तो परत उभा होतो. मोजा : आडवा, एक. बोल्ट टाकला, तो उभा, परत आडवा, एक. बोल्टचे तीन. स्पाइक टाकला, तो उभा, परत आडवा, एक. स्पाइकचे तीन. एक-एक-तीन-एक-तीन, नऊ. बरोब्बर नऊ.

हात थरथरत होता. आडवा, आठ. बोल्ट, उभा, आडवा, सात. बोल्ट लागला, चार. आणि मग मी लाव्हा स्पाइक टेबलावर आपटला. अक्षरशः आपटला, मेंढीकोटात शेवटचा हुकूम आपटतात तसा. समोरच्याने पेन घेतलं, ४ खोडून १ लिहिलं. मी त्या आकड्याकडे बघतोय. मग अल्केमिस्टकडे. आडवाच.

मीच जजला बोलावलं. त्यांनी समोरच्याला विचारलं, हा राहून गेलेला ट्रिगर (म्हणजे अल्केमिस्टचं आपोआप उभं होणं) आता द्यायचा आहे का? तो सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, कान लाल झालेले, खाली बघून नको म्हणाला. त्याच्या पाळीला वेलविशर आडवा झाला आणि एकाचे आठ झाले.

४–२, १२ गुण, टायब्रेकरवर दहावा.

---

मंदामावशी | १२ मे, २२:५१

मला निम्मं कळलं नाही पण शेवटाला ‘अगंबाई’ म्हणाले. आमच्यात म्हणतात, टाकलं पान ते टाकलं. मी तर लग्नाआधीपासून लाडीस खेळतेय, हुकूम असून उतारी दिलेली आजवर तीनदा आठवते, तिन्ही वेळा भाऊ पार्टनर होता, अजून ऐकवतो.

एक शंका. तू स्वतःच पंचांना का बोलावलंस? गुपचूप उभा करून आडवा करायचास.

---

डोंगर१८ | १२ मे, २३:०२

मावशी, गुपचूप केलं तर ती फसवणूक. पकडलं तर स्पर्धेतूनच हाकलतात, आणि न पकडलं तर मला झोप येणार नाही. तशीही आली नाही म्हणा.

---

उतारीवाला | १२ मे, २३:१५

पोरगा बघत होता ना सगळं? अल्केमिस्ट दोनदा आडवा केलेला त्याने पाहिला. तिसऱ्यांदा राहिलं हे त्यालाही दिसलं असणार. सांगायला काय झालं होतं? आमच्या वाड्यात असं कुणी केलं असतं तर पुढच्या रविवारी त्याला बसायला चटई मिळाली नसती.

---

खडाष्टक | १३ मे, ०७:४०

उतारीवाला, वाड्यातलं वाड्यात. मी काही वर्षं बंगळुरूत छोट्या स्पर्धांना जज म्हणून उभा राहिलोय, नियम सांगतो. तुझ्या पत्त्याचा तुझ्या फायद्याचा ट्रिगर तूच लक्षात ठेवायचा. समोरच्यावर आठवण करून देण्याचं बंधन नाही. मात्र तू त्याला विचारलंस की तुझं लाइफ किती, तर त्याने खोटं बोलायचं नाही. ट्रिगरबद्दल गप्प राहणं चालतं, खोटं चालत नाही. ही रेघ मला तरी पटते. नाहीतर प्रत्येकाने दोन्ही बाजूंचे पत्ते सांभाळायचे, आणि ५० मिनिटांत एक डाव व्हायचा नाही.

मैत्रीच्या टेबलावर मी स्वतः आठवण करतो. तिथली हवा वेगळी असते.

---

उतारीवाला | १३ मे, ०८:०५

नियम पटला. पोरगा नाही पटला.

---

डोंगर१८ | १३ मे, ०८:३१

उतारीवाला, त्याची बाजू मी घेतो. सामना संपल्यावर त्याने पत्ते गोळा करताना मला सांगितलं, मी तुझा हात बघत होतो, अल्केमिस्ट बघितलाच नाही. मला खरं वाटतं. मी तसा आपटल्यावर मीही हातच बघितला असता.

---

निळी_शाई | १३ मे, ०९:५८

लेखन झकास. पण आता थोडं कडू. कृहघ्या (कृपया हलकं घ्या).

हरलास ते ट्रिगरमुळे, ठीक. पण त्या टेबलावर ९ लाइफ, ९ डॅमेज, शिल्लक शून्य अशी वेळ का आली? कारण तुझा डेक शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्याशिवाय जिंकतच नाही. बोगल्सशी तू हरणार हे रेल्वेत बसतानाच माहीत होतं. एल्व्हजशी वेलविशर आला की डाव डळमळणार हेही माहीत होतं. सध्याचा कुठलाही चांगला निळा किंवा अफिनिटी डेक घेऊन गेला असतास तर दहाव्याचा पाचवा झाला असतास. आठ वर्षांचा अनुभव तुझ्याकडे आहे, तो १८ डोंगरांवर उधळतोयस. ‘आवडता डेक’ ही हरण्याची आगाऊ सोय आहे. हरलं की म्हणायचं, अहो पण तो माझा आवडता होता.

---

डोंगर१८ | १३ मे, १०:४७

निळी_शाई, बोचलं, कारण थोडं खरं आहे.

पण एक सांग. तिसऱ्या राउंडचा तो बोल्ट मी ज्या क्षणी टाकला तो क्षण मला कुठल्या यादीत मिळाला असता? चार डोंगर, तीन पत्ते, त्याची दोन बेटं, हे मी मोजलं नाही. दिसलं. आठ वर्षं तेच साठ पत्ते हातात आल्यावर हात बघितला की डाव दिसतो. गेल्या वर्षी मी तुझं ऐकून टेरर खेळून बघितला होता, आठवतंय? दोन महिने. प्रत्येक पाळीला मी विचार करत बसायचो. वेळ संपायची, डाव अर्धवट. बरोबरीचा एक गुण घेऊन घरी.

---

निळी_शाई | १३ मे, ११:०३

दोन महिने! निळा डेक यायला दोन वर्षं लागतात राजा.

आणि ‘हात बघितला की डाव दिसतो’ म्हणतोस ना, तेच तुला नडलं. सवयीने खेळत होतास म्हणून आपटलास. नवीन डेक असता तर प्रत्येक पत्ता वाचून, बोट ठेवून खेळला असतास, आणि ट्रिगर राहिला नसता.

---

खडाष्टक | १३ मे, ११:२०

हा मुद्दा जोरदार आहे, दाद. माझ्या पाहण्यातले राहिलेले ट्रिगर खूपदा जुन्या खेळाडूंचेच. नवखे दर पाळीला जजला विचारून जीव खातात, पण विसरत नाहीत.

तरी सहा राउंड, प्रत्येक ५० मिनिटांचा, मधे डबा. अशा दिवशी शेवटच्या तासाला डोकं चालत नाही, हातच चालतो. तेव्हा ओळखीचा डेक बरा. दोन्ही खरं आहे, काय करायचं ते करा.

---

मुक्ता_ठाणे | १३ मे, १२:१२

माझा मुलगा दहा वर्षांचा, पोकेमॉन खेळतो. तिथेही साठ पत्ते, बरोब्बर साठ, कमी-जास्त चालत नाही. समोर सहा बक्षिसाचे पत्ते उलटे ठेवतात, सगळे आधी उचलले की जिंकलं. त्याचा एक लाडका स्नॉरलॅक्स आहे, झोपाळू गलेलठ्ठ. त्याच्याभोवतीच सगळा डेक बांधतो. पहिल्या स्पर्धेत चारही डाव हरला. घरी येताना म्हणे, आई, त्या दादाने माझ्या स्नॉरलॅक्सला हरवायला किती पत्ते वापरले बघितलंस? चेहरा असा, की जिंकलाच.

निळी_शाई, याला डेक बदल म्हणून बघा तुम्ही. मी प्रयत्न केलाय.

अवांतर : लाल डेकवाल्यांना चंद्रा नलार माहीत असेलच. आगीची जादूगार, तिच्या आईचं नाव पिया. तिचा देश काढला २०१६ साली, साड्या, कमानी, पितळी नक्षी, उघड उघड आपल्याकडचं. आणि नाव ठेवलं कलादेश. आपल्या कानाला आधी ‘काला देश’च ऐकू येतं ना! २०२५च्या एथरड्रिफ्ट संचात नाव बदलून आविष्कार केलं तेव्हा बरं वाटलं.

---

डोंगर१८ | १३ मे, १२:४०

मुक्ता, स्नॉरलॅक्सवाल्याला माझा सलाम सांग.

चंद्राचे पत्ते जवळजवळ सगळे महागातले, कॉमन नाहीत, त्यामुळे माझ्या डेकमध्ये तिला जागा नाही. पण टेबलावर अंथरतो त्या मॅटवर तीच आहे.

---

कोकणी_वाघळ | १३ मे, १४:३३

तुम्ही ६० पत्ते म्हणता, आमच्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा १२० पानांचा. दहा अवतार, एकेकाची बारा पानं. राजा, प्रधान, मग दहा साधी. पानं गोल, हाताने रंगवलेली, वर लाखेचा थर. वाड्यात अजून कारागीर बसून रंगवतात. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या निम्म्यात एक्का, त्यामुळे डोक्याला तिथेही ताप.

लहानपणी आजोबांच्या एका जुन्या जोडातलं मत्स्याचं एक पान हरवलं होतं. त्या जागी पुठ्ठ्याचं पान कापून रंगवलेलं. दोन डावांत सगळ्यांना पाठीवरून ओळखू यायला लागलं. तुझ्या तेलाच्या डागावरून आठवलं.

---

डोंगर१८ | १३ मे, १४:५५

वाघळभाऊ, जबरी. आमच्यातही असंच. डाव चालू असताना पत्ता फाटला तर फक्त जजच त्याच्या जागी तात्पुरता पत्ता देऊ शकतात. आपण घरून कापून आणलेला चालत नाही.

---

पेठेतला | १३ मे, १९:२०

कापून आणलेल्यावरच आमचा सगळा संसार चाललाय. इथे पुण्यात आम्ही आठ-दहा जण शनिवारी एका कॅफेत बसतो. पत्ते बाहेरून मागवायचे तर पत्त्यापेक्षा टपाल आणि कस्टम जड. मग साध्या कागदावर छापायचं, मागे जुना पत्ता, वर स्लीव्ह. आपसांत खेळायला पुरतं, अधिकृत स्पर्धेत एकही चालणार नाही. कॅफेवाला पहिल्या महिन्यात समजला की आम्ही तीन पत्ती खेळतोय. पैसे कुठे ठेवता म्हणून सारखा टेबलाखाली बघायचा.

मी पण बर्नच. थर्मो-अल्केमिस्ट दोनच खरे आहेत, दोन कागदी. खऱ्यांवर जास्त जीव आहे हे कबूल.

निळी_शाईंना एकच : तुमचा निळा डेक पाच वर्षांत तीनदा बदलला, आमचे डोंगर तेच. जत्रेत दर वर्षी नवा पाळणा येतो, भेळवाला तोच असतो.

---

निळी_शाई | १३ मे, १९:४१

भेळवाल्याला बाद फेरीत कुणी बघितलंय का? खिक्.

बरं, शस्त्रं खाली. डोंगर, एक गंभीर प्रश्न. नऊवर मारायला जाण्याऐवजी बोल्ट वेलविशरवर का नाही टाकलास? तो मेला असता, तुला आणखी एक पाळी मिळाली असती.

---

डोंगर१८ | १३ मे, २०:१०

मिळाली नसती. त्याच्याकडे टिंबरवॉच एल्फ पण होता, एका बुटक्याला टेबलावरच्या सगळ्या एल्फांच्या संख्येइतकं फुगवणारा. मी ६ लाइफवर. पुढच्या पाळीला मी मेलोच असतो. म्हणून तर नऊ मोजले. मोजणी बरोबर होती हेच तर दुःख आहे.

---

निळी_शाई | १३ मे, २०:१६

मग टाकलास ते बरोबर टाकलंस. मीही तेच केलं असतं. फक्त उभा केला असता.

---

मंदामावशी | १३ मे, २१:३०

मी परत आले. आज दुपारी नातवाला हा धागा वाचून दाखवायला लावला, त्याने मला डाव मांडून समजावला, अल्केमिस्टच्या जागी चौकट गुलाम ठेवून. आता सगळं कळलं.

आमच्या सासूबाई काही विसरायचं नसलं की पदराला गाठ मारायच्या. दूध घ्यायचंय, गाठ. तुला पदर नाही, पण त्या पत्त्यावर काहीतरी ठेव ना. एखादी चिंच, कवडी. उचलल्याशिवाय पुढचं पान टाकायचं नाही.

---

खडाष्टक | १३ मे, २१:४४

मावशी, दंडवत. बरेच जण हेच करतात. पाळीच्या सुरुवातीला काही करायचं असलं की गठ्ठ्यावर फासा ठेवतात, म्हणजे पत्ता उचलायला गेलं की फासा हाताला लागतो. अल्केमिस्टवर ठेवायचं मात्र कुणी सुचवलेलं ऐकलं नव्हतं.

---

डोंगर१८ | १३ मे, २१:५२

मावशी, कवडी नाशिकला आईकडे आहे, मागवतो. तोवर फासा.

---

डोंगर१८ | ३ ऑगस्ट, २३:२७

धागा वर काढतोय.

आज परत गेलो होतो, त्याच गावात, तोच डेक. साठापैकी एकही पत्ता बदलला नाही. साइडबोर्डात (डावांच्या मधे बदलायला बाजूला ठेवतात ते पत्ते) मात्र बोगल्ससाठी दोन पत्ते घेतले, निळी_शाईंनी व्यक्तिगत निरोपातून पटवलं म्हणून. डबा काट्याने खाल्ला. अल्केमिस्टवर कवडी ठेवली होती. समोरच्या प्रत्येकाने हे काय म्हणून विचारलं, दोघांनी हातात घेऊन बघितली. एका जजने ती पत्त्यावरचं नाव झाकतेय म्हणून जरा बाजूला सरकवायला लावली.

एकही ट्रिगर राहिला नाही. ३–३. शेवटच्या डावात नऊ पत्ते उचलले त्यात सात डोंगर.

तो एल्व्हजवाला पोरगा भेटला. त्याने या वेळी बर्न आणला होता. गाठ पडली नाही आमची, पण जेवणाच्या सुट्टीत माझी यादी बघायला मागितली आणि विचारलं, अठराच का, सतरा का नाही? आम्ही अर्धा तास त्यावर घालवला. दशमी त्यानेही खाल्ली, काट्याने.

पेठेतला, डिसेंबरात पुण्याला येतोय. तुला दोन खरे अल्केमिस्ट हवे होते ना?

---

पेठेतला | ४ ऑगस्ट, ०६:५८

हवेत! आणि ती कवडी पण आण, बघू दे.

सतरा की अठरा, काय ठरलं?

---

डोंगर१८ | ४ ऑगस्ट, ०७:१५

तो सतरा खेळणार म्हणतोय. माझं नाव बघ.